नांगराचा तास आणि जीआरईचे शब्द

जीआरई, म्हणजे अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणाला जाण्यासाठी द्यायची परीक्षा. तिच्या तयारीला लागलं की सगळ्यात आधी हातात शब्दांची यादी पडते. कुणाला ती क्लासमधून मिळते, कुणाला सीनियरकडून, कुणाला अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे इंग्रजीतच दोन-तीन शब्दांत अर्थ, आणि अशी पानांमागून पानं. मी मराठी माध्यमात शिकलेली, कराडजवळच्या गावातली. कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. ॲग्री झाले. वनस्पती रोगशास्त्रात पुढे शिकायला अमेरिकेत जायचं ठरवलं आणि तयारीसाठी पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेतली. बऱ्याच विद्यापीठांनी आता ही परीक्षा ऐच्छिक केली आहे. पण मला हव्या असलेल्या विभागांपैकी काही अजून गुण मागत होते, म्हणून तिला सोडून चालणार नव्हतं.

गणिताचं मला फारसं वाटत नव्हतं. भाषेचा भाग, ज्याला व्हर्बल म्हणतात, तो मात्र डोंगरासारखा समोर होता. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा आखूड झाली आहे. सगळा पेपर दोन तासांच्या आत संपतो. व्हर्बलचे दोन भाग असतात, पहिल्यात १८ मिनिटांत १२ प्रश्न आणि दुसऱ्यात २३ मिनिटांत १५. पहिला भाग कसा जातो त्यावर दुसरा किती अवघड येणार ते ठरतं. गुण १३० ते १७० या मापात मिळतात. एका प्रकारात वाक्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या असतात. जागा तीन असल्या तर तिन्ही बरोबर आल्या तरच गुण, अर्धवट उत्तराला काहीच नाही. दुसऱ्या प्रकारात एकच जागा असते, सहा पर्याय असतात आणि त्यातले दोन निवडायचे असतात. ते दोन्ही शब्द वेगवेगळे घालून पाहिले तरी वाक्याचा अर्थ एकच निघाला पाहिजे. शिवाय उताऱ्यावरचे प्रश्न. २०११ च्या ऑगस्टपर्यंत या परीक्षेत सरळ विरुद्धार्थी शब्द विचारत, तेव्हा यादी पाठ असणाऱ्याचं निभावून जात असे. आता शब्द वाक्यात येतो आणि वाक्यात त्याचं काय काम आहे ते ओळखावं लागतं. याद्या मात्र त्या जुन्या काळाच्याच फिरत राहिल्या आहेत.

मी बसायचे त्या अभ्यासिकेत बहुतेक मुलं एमपीएससीची होती. सकाळी सातपासून टेबलं भरलेली. त्यांच्याही इंग्रजीच्या पेपरात समानार्थी, विरुद्धार्थी शब्द असतात, त्यामुळे आमच्या याद्या एकमेकांत फिरायच्या. पाठांतराची सगळ्यांची पद्धत एकच, उजवीकडचा रकाना हाताने झाकायचा आणि डावीकडचा शब्द वाचून अर्थ पुटपुटायचा. यात शब्द तोंडाला येतो, पण टिकत नाही. हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की निरर्थक अक्षरगट पाठ केले तर त्यांतलं बरंचसं पहिल्या काही तासांतच विसरलं जातं. त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरं घेतली होती, म्हणजे आधीच्या कुठल्याही ओळखीचा आधार मिळू नये. यादीतल्या शब्दांचं माझ्या बाबतीत हेच होत होतं. ते माझ्यासाठी अक्षरगटच होते, कारण त्यांना माझ्या डोक्यात बसायला जागा नव्हती.

ती जागा सापडली ती 'डेलिरियस' या शब्दापाशी. यादीत अर्थ होता तापात बरळणारा, भान हरपलेला. शब्दाचं मूळ सांगणारा एक कोश मी मोबाइलवर उघडला. तिथे लिहिलं होतं, लॅटिनमध्ये 'लिरा' म्हणजे नांगराने पडलेला तास, 'डे' म्हणजे त्यापासून दूर. डेलिरियस म्हणजे तास सोडून गेलेला. मी ते परत परत वाचलं. दोन हजार वर्षांपूर्वी इटलीतल्या कुठल्या तरी शेतकऱ्याने बैल सरळ चालेनात म्हणून हा शब्द उच्चारला असणार, आणि आज तो मला पुण्यात दोन रकान्यांच्या यादीत भेटत होता. संध्याकाळी आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, फोन केला आणि विचारलं, नांगरताना बैल तास कधी सोडतो?

"बिथरला की सोडतोय," आबा म्हणाले. "बिथरल्यालं जनावर तासात कुठलं ऱ्हातंय? पण तुला आज हे मधीच काय?"

बिथरणं. आमच्याकडे बैलही बिथरतो आणि माणसाचं डोकंही बिथरतं. रोमन लोकांनी शेतातून डोक्यापर्यंत जी वाट काढली तीच आमच्या गावानेही काढली होती. त्या दिवसापासून मी यादी क्रमाने वाचणं सोडलं आणि शब्दांची मुळं खणायला लागले. कृषी पदवीधर मुलीला हे काम अंगवळणी पडायला वेळ लागला नाही.

यादीतल्या भारदस्त वाटणाऱ्या शब्दांत शेती किती भरलेली आहे हे पाहून मी थक्क झाले. 'प्रिव्हॅरिकेट' म्हणजे खरं न सांगता आडवळणाने बोलणं. पहिल्या शतकात थोरला प्लिनी हा रोमन लेखक लिहितो की जो नांगऱ्या वाकून काम करत नाही त्याचा तास वाकडा जातो, आणि त्यासाठी तो याच शब्दाचं लॅटिन रूप वापरतो. न्यायालयात हाच शब्द विरुद्ध बाजूला आतून सामील झालेल्या वकिलाला लावला जाई. 'ट्रिब्युलेशन' म्हणजे मोठे हाल, क्लेश. त्याच्या मुळाशी 'ट्रिब्युलम' आहे. ही खालून दात बसवलेली फळी, मळणीसाठी धान्यावरून ओढायची. आमच्याकडे खळ्यावर तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैलांची पात फिरायची ते मी आज्जीकडून ऐकलेलं, मी जाणती होईपर्यंत मळणीयंत्र आलं होतं. पण पायाखाली तुडवून निघणारी कणसं डोळ्यांपुढे आणली की ट्रिब्युलेशन पुन्हा पाठ करावा लागत नाही. 'एग्झॅजरेट' म्हणजे रास रचत जाणं. 'डिसेमिनेट' म्हणजे बी सगळीकडे फेकणं. 'इरॅडिकेट' म्हणजे मुळासकट उपटणं, आणि आमच्या रोगशास्त्राच्या पुस्तकात रोगनियंत्रणाचं एक तत्त्वच या नावाने शिकवतात. 'प्रॉपगेट' आम्ही कलमांच्या प्रकरणात शिकलेलो, रोपांची अभिवृद्धी. लॅटिनमध्येही तो कलमापासूनच निघाला, आणि मग मतांचा, बातम्यांचा प्रसार करणं या अर्थाने पसरला.

'रायव्हल' हा तसा शाळेतलाच शब्द, अवघड यादीत तो नसतो. पण त्याचं मूळ मला सगळ्यात जवळचं वाटलं. 'रिव्हस' म्हणजे ओढा, पाण्याचा पाट. एकाच पाटाचं पाणी घेणारे ते रायव्हल. हे मी आबांना सांगितलं तेव्हा फोनवर ते बराच वेळ बोलत राहिले. पाण्याच्या पाळीवरून कुणाकुणाची किती वर्षं बोलणी बंद होती, रात्रीचं दारं धरायला कोण जायचं, दुसऱ्याच्या पाळीत कोण बारं फोडायचं, सगळं. ही भांडणं काय असतात हे ज्याने पाहिलं त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्याच झऱ्यातून 'डिराइव्ह' आला आहे, ओढ्यातून पाणी वळवून घेणं.

भारदस्त न वाटणारे, साधे इंग्रजी शेतशब्दही परीक्षेत येतात आणि तिथे ते शेताबद्दल बोलत नसतात. 'विनो' म्हणजे उफणणं, पण उताऱ्यात समिती अर्जांची उफणणी करते. 'फॅलो' म्हणजे पड टाकलेलं रान, पण वाक्यात एखाद्या कवीचा काळ फॅलो असतो. 'हॅरो' म्हणजे कुळव, आणि काळजावरून कुळव फिरावा तसा अनुभव हॅरोइंग. 'कल' म्हणजे कळपातली निरुपयोगी जनावरं वेगळी काढणं, आणि माहितीतून निवडून काढणंही. आणि 'ग्लीन'. यादीत त्याचा अर्थ होता 'थोडं थोडं करून गोळा करणे'. अर्थ चुकीचा नाही, पण कोरडा आहे. भुईमूग काढून झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा, ज्वारी काढल्यावर धसकटांत पडलेली कणसं वेचायला बायका-पोरं जातात, त्याला आमच्याकडे सरवा वेचणं म्हणतात. मालकाचं पीक घरी गेलेलं असतं, जे उरलंय ते नजर लावून, वाकून, एकेक करून मिळवायचं असतं. जीआरईच्या उताऱ्यात इतिहासकार जुन्या पत्रांतून जे काही 'ग्लीन' करतात ते अगदी असंच असतं. हवी ती कागदपत्रं नष्ट झालेली असतात, आणि उरल्यासुरल्यातून माहिती वेचावी लागते. सरवा हा शब्द माहीत असलेल्या माणसाला त्या वाक्यातली कष्टाची छटा आपोआप कळते.

इथे एक अडचण होती. आज्जी-आबांचे शब्द मला अर्धेच येत होते. मी पिढीने पुढची, शिकायला बाहेर राहिलेली, त्यामुळे कुळवाच्या भागांची नावं मला सांगता येत नव्हती. मग मोल्सवर्थचा कोश कामाला आला. कँडी बंधूंच्या मदतीने केलेली त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, सुमारे साठ हजार शब्दांची, आणि ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. कोश मराठीचा इंग्रजीत आहे. पण शोधाच्या चौकटीत इंग्रजी शब्द टाकला तर अर्थात जिथे जिथे तो शब्द आलाय त्या सगळ्या मराठी नोंदी समोर येतात. म्हणजे तो उलटाही वापरता येतो. मी तासन्तास हे केलं. इंग्रजी शब्द टाकायचा, मराठी शब्दांची रांग वाचायची, त्यातला आपल्या घरात बोलला जाणारा उचलायचा. कुठला बोलला जातो याचा निवाडा आज्जी करायची. सध्याच्या शाळकरी इंग्रजी-मराठी शब्दकोशांपेक्षा मला हा मार्ग कितीतरी बरा वाटतो. ते कोश बहुतेक वेळा एका परक्या शब्दासाठी दुसरा परका, संस्कृत वळणाचा शब्द हातात ठेवतात आणि शिकणारा तिथेच अडकतो.

संस्कृतबद्दल मात्र माझी तक्रार नाही, उलट ऋण आहे. आठवी ते दहावी मी पूर्ण संस्कृत घेतलं होतं. तेव्हा सगळे म्हणायचे, मार्क मिळतात म्हणून घ्या. ते धातू आणि ती रूपं पुन्हा कधी लागतील असं वाटलं नव्हतं. विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमाच्या भाषा असाव्यात. हे वाक्य मी पूर्वी कधी तरी पाठ केलं होतं. त्याचा उपयोग काय ते आत्ता कळलं. 'तनु' म्हणजे बारीक, लॅटिन 'टेन्युइस'. म्हणून 'टेन्युअस' म्हणजे ओढून ताणून जुळवलेला, कच्च्या धाग्याचा, आणि 'अटेन्युएट' म्हणजे क्षीण करणं. आमच्या विषयात विषाणूची मारकशक्ती क्षीण करण्यालाही हाच शब्द आहे. 'मृदु'चा भाऊबंद 'मॉलिस', त्यावरून 'मॉलिफाय', राग निववणं. 'स्वादु'चा 'स्वाविस', त्यावरून 'अस्वेज', दुःखाची धार कमी करणं. 'दम्' या धातूच्या घरातला 'इंडॉमिटेबल', दमन न होणारा. 'पशु' आणि लॅटिन 'पेकस' सख्खे. गुरंढोरं हीच संपत्ती असण्याच्या काळातून 'पिक्युनिअरी' आला आणि ज्याच्याकडे ती नाही तो 'इम्पिक्यूनिअस'. 'सद्' म्हणजे बसणं. त्याच्या लॅटिन भावापासून 'असिड्युअस', कामाला चिकटून बसलेला, आणि याच धातूपासून आपल्याकडे गुरूजवळ बसून शिकायचं ते उपनिषद.

मला सगळ्यात आनंद दिला तो 'ॲलिव्हिएट' आणि 'ॲग्रव्हेट' या जोडीने. पहिल्यात 'लेव्हिस' आहे, दुसऱ्यात 'ग्रॅव्हिस'. लेव्हिस म्हणजे आपला लघु आणि ग्रॅव्हिस म्हणजे आपला गुरु. नववीत वृत्तं शिकताना ज्या खुणा करत होतो, अर्धचंद्र आणि आडवी रेघ, तेच हे दोघे. एक दुःख हलकं करतो, दुसरा जड करतो. आणि 'मॅग्नॅनिमस' म्हणजे मोठा आत्मा असलेला. आपण महात्मा म्हणतो तेव्हा नेमकं हेच म्हणत असतो.

आता इतकं सांगून झाल्यावर उलट बाजूही सांगायलाच हवी, कारण फक्त मुळावर विसंबणारा परीक्षेत फसतो, आणि प्रश्न काढणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. मूळ सांगतं शब्द कुठून निघाला. तो आज कुठे राहतो ते वापरच सांगतो. 'एग्रीजियस' म्हणजे कळपातून वेगळा उठून दिसणारा. कधीकाळी ही स्तुती होती, आज तो फक्त ढळढळीत वाईट गोष्टीलाच लागतो. 'एनर्व्हेट' ऐकायला एनर्जीचा भाऊ वाटतो आणि अर्थ नेमका उलटा, गलितगात्र करणं. त्यात लॅटिन 'नर्व्हस' आहे, म्हणजे आपला स्नायू, आणि तो काढून घेतलेला आहे. 'नॉइसम'चा आवाजाशी संबंध नाही, तो दुर्गंधीयुक्त. 'रेस्टिव्ह'मध्ये विश्रांती नाही. मुळात तो जागचा न हलणारा घोडा, आपल्याकडचा अडेलतट्टू, पण आज त्याचा अर्थ अस्वस्थ, आवरायला कठीण झालेला असा आहे. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे रस नसलेला नव्हे, तर ज्याचा त्यात स्वार्थ नाही असा, निःपक्षपाती. असे शब्द मी वहीत वेगळ्या रंगाने लिहिले आणि प्रत्येकाखाली वर्तमानपत्रात किंवा उताऱ्यात खरोखर भेटलेलं वाक्य उतरवलं. मनाने रचलेलं वाक्य नाही. स्वतः वाक्य रचलं की आपण शब्दाला आपल्या समजुतीप्रमाणे वाकवतो. छापलेल्या वाक्यात तो त्याच्या स्वभावाने वागतो.

काही शब्द ओळखीच्या चेहऱ्याचे असतात आणि त्यांचा दुसराच अर्थ विचारतात. 'पेडेस्ट्रियन' विशेषण झालं की अर्थ होतो सामान्य, कल्पनाशून्य. 'क्वालिफाय' म्हणजे केलेल्या विधानाला मर्यादा घालणं. 'फ्लॅग' म्हणजे मलूल पडणं, आणि इथे मला रोगशास्त्राने हात दिला, कारण रोगट शेंडा खाली मान घालतो त्याला आम्ही फ्लॅगिंगच म्हणायचो. 'हजबंड' क्रियापद झालं की साधनं जपून, पुरवून वापरणं. ॲनिमल हजबंड्री हे नाव चार वर्षं वेळापत्रकात पाहिलं होतं, तरी त्यातल्या पहिल्या शब्दाचं हे रूप तिथे लपलंय हे मला कळायला जीआरई यावी लागली.

शब्दाला अर्थाखेरीज एक कल असतो. तो कौतुक करतोय की नावं ठेवतोय हे कळलं नाही तर सहातले दोन पर्याय निवडताच येत नाहीत. 'थ्रिफ्टी', 'फ्रूगल', 'पार्सिमोनिअस', 'मायझर्ली' या चौघांना यादीने एकच अर्थ दिला होता, कमी खर्च करणारा. एवढ्यावर परीक्षा सुटत नाही. हे चार शब्द मी आज्जीला एकेका माणसाच्या वागण्यातून सांगितले. एक बाई जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवते, तिला काय म्हणशील? "काटकसरीची. चांगली म्हणायची ती." दुसरा एक आहे, साधं खातो, साधं राहतो, त्याला जास्त नकोच असतं. "त्यो साधा. त्याला गरजच न्हाय." तिसरा, घरात असून पाहुण्याच्या चहात साखर घालताना हात आखडतो. "चिक्कू." आणि चौथा, स्वतःच्या औषधालाही पैसा सोडत नाही. "कवडीचुंबक मेला." चारही शब्द जागेवर बसले. थ्रिफ्टी आणि फ्रूगल कौतुकाच्या बाजूचे, पार्सिमोनिअस आणि मायझर्ली टीकेच्या. वाक्यात वरच्या ओळीत कौतुक चाललं असेल तर शेवटचे दोन बादच.

मग आम्ही ही पद्धतच लावली. रविवारी फोनवर मी स्वभाव सांगायचा आणि आज्जीने नाव द्यायचं. कमी बोलणाऱ्यांचं घर निघालं. 'टॅसिटर्न' म्हणजे घुमा. 'रेटिसेंट' म्हणजे मनातलं बाहेर न काढणारा, आतल्या गाठीचा नव्हे, फक्त संकोची. 'लॅकॉनिक' म्हणजे मोजकं पण नेमकं बोलणारा. हा शेवटचा स्पार्टाच्या लॅकोनिया प्रदेशावरून आलेला. मॅसिडोनियाच्या फिलिपने धमकी दिली की मी तुमच्या मुलखात शिरलो तर तुम्हाला धुळीला मिळवीन, त्यावर स्पार्टाने एवढंच उत्तर पाठवलं, 'तर'. ही गोष्ट सांगितल्यावर आज्जी म्हणाली, "असं बोलणारं मानूस आपल्याकडं बी असतंय, एका शबुदात गप करनारं." जास्त बोलणाऱ्यांतही तेच. 'गॅर्युलस' हा बडबड्या, 'प्रोलिक्स' हा पाल्हाळ लावणारा. हट्टाचे तर किती प्रकार निघाले! 'रेझोल्यूट' निश्चयाचा, 'टेनेशस' चिवट, 'ऑब्स्टिनेट' हेकट, 'ऑब्ड्युरेट' दगड काळजाचा, 'रिकॅल्सिट्रंट' लाथाळ. पुढेपुढे करणाऱ्यांसाठी आज्जीने 'लाळघोट्या' दिला, आणि 'सायकोफँट'ला याहून योग्य शब्द मला कुठल्याही कोशात सापडला नाही.

आज्जीची शाळा दुसरीपर्यंत झालेली. तिने एकही इंग्रजी शब्द पाठ केला नाही, तिला त्याची गरजही नव्हती. माणसांच्या स्वभावांची इतकी बारीक वर्गवारी तिच्याकडे होती की अमेरिकेतल्या परीक्षेचे शब्द एकेक करून तिच्या खणांत जाऊन बसत होते. माझं ठाम मत झालं आहे की मराठी माध्यमातल्या मुलांना उच्च इंग्रजी अवघड जातं ते इंग्रजी कमी पडतं म्हणून तेवढं नाही. त्यांचं घरचं मराठीच त्यांच्याकडून काढून घेतलेलं असतं. ज्याच्याकडे वाईटाला 'वाईट' आणि चांगल्याला 'छान' एवढेच शब्द उरलेत, तो परक्या भाषेतले सहा बारकावे कशाला अडकवणार?

हे सगळं करताना साध्या शिस्तीचा भाग होताच, तो थोडक्यात सांगते. पुठ्ठ्याची कार्डं, पुढे देवनागरीत उच्चार, मागे भेटलेलं वाक्य आणि घरचा शब्द. देवनागरीत उच्चार लिहिणं फार उपयोगी, कारण 'इपिटमी' आणि 'हायपर्बली' हे शब्द डोळ्यांनी वाचून कुणालाही बरोबर म्हणता येणार नाहीत. कार्डं खोक्यांच्या कप्प्यांत ठेवायची. आलं ते पुढच्या, उशिरा उघडायच्या कप्प्यात, अडलं ते पुन्हा पहिल्या. ही लाइटनर नावाच्या जर्मन माणसाची १९७० च्या दशकातली पद्धत, आणि आताची मोबाइलवरची ॲपंही तिच्याच वळणाने चालतात. रोज एक अग्रलेख, एक विज्ञानाचा लेख. परीक्षेच्या आधीच्या काही आठवड्यांत नवे शब्द बंद, फक्त उतारे. कारण शब्द येत असूनही लेखकाचं म्हणणं हातून निसटतं, आणि तो सराव वेगळाच करावा लागतो.

प्रत्यक्ष परीक्षेत दुसऱ्या भागात 'रिकॅल्सिट्रंट' समोर आला तेव्हा मला आमचा बीजशास्त्राचा वर्ग आठवला. १९७३ मध्ये रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने बियांचे दोन गट पाडले. ज्वारी, गहू, भात यांचं बी सुकवून वर्षानुवर्षं ठेवता येतं, ते ऑर्थोडॉक्स. आंबा, फणस यांचं बी सुकवलं की मरतं, ते रिकॅल्सिट्रंट. म्हणजे कोठारात राहायला नकार देणारं. लॅटिनमध्ये 'कॅल्क्स' म्हणजे टाच, रिकॅल्सिट्रंट म्हणजे मागे लाथा झाडणारा. त्याच टाचेपासून 'इनकल्केट' आला, टाचेने दाबून घट्ट बसवावं तसं एखादी गोष्ट मनावर बिंबवणं. रिकॅल्सिट्रंट हा शब्द मी महाविद्यालयात तीन वर्षं वापरला होता, परीक्षेत गुणही मिळवले होते, आणि तो माणसांनाही लागतो हे मला यादीने सांगितलं. व्हर्बलमध्ये १५९ आले. मला हव्या असलेल्या विभागाला तेवढे पुरले.

वही मी कोल्हापूरला ज्युनियर मुलींकडे दिली. देताना एकच केलं, घरच्या शब्दांचा रकाना झेरॉक्समध्ये झाकून कोरा ठेवला आणि फक्त पहिल्या पानावर माझे नमुन्यादाखल राहू दिले. त्या कॉलेजात कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या मुली येतात, त्यांच्या आज्ज्यांचे शब्द निराळे असणार. गेल्या महिन्यात यवतमाळकडच्या एकीने तिच्या प्रतीचं पहिलं पान फोटो काढून पाठवलं. 'हॅरो'समोर मी लिहिलेला 'कुळव' खोडून तिने 'वखर' लिहिलंय, 'ग्लीन'समोर प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय, आणि खाली लिहिलंय की दिवाळीला घरी गेल्यावर विचारून भरते.